‘नॉर्मल आहे, पुढचे या!’

मित्रांनो, मी रक्तदाब मोजायचे एक जुने यंत्र आहे. राखाडी पत्र्याची लांबट पेटी, तिच्या झाकणात उभी काचेची नळी, नळीच्या कडेने बारीक रेघा आणि आकडे, एक रबरी फुगा आणि दंडाला गुंडाळायचा कापडी पट्टा, एवढाच माझा संसार. आता माझ्यात पारा उरलेला नाही, त्यामुळे मी काहीच मोजत नाही. पण मोजत होते तेव्हा मी फार काटेकोर होते. त्या काटेकोरपणामुळे एकदा एक माणूस हातचा जाणार होता. ती गोष्ट मला तुम्हाला सांगायची आहे.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. तिथे नळीत पारा भरण्याआधी तो गाळून स्वच्छ करत, कारण मळका पारा काचेला काळपट डाग पाडतो. शेवटची तपासणी एक बाई करत. त्या मला टेबलावर सरळ ठेवत, डोळे नळीच्या रेषेत आणत आणि पारा शून्यावर टेकला आहे ना, ते पाहत. शेजारच्या कामगाराला त्या म्हणत, “अरे, शून्य चुकलं की पुढचं सगळं चुकलं. मग कितीही रंग लाव पेटीला.” मी पहिल्याच खेपेला पास झाले. मला त्याचा जरा गर्वही झाला होता.

तिथून मी एका हॉस्पिटलच्या वॉर्डात आले आणि सिस्टरांच्या हाती पडले. सिस्टर तेव्हा नोकरीत नव्या होत्या, पण शिस्त मात्र जुन्या माणसासारखी. त्यांचे नियम ठरलेले असत. “पाठ टेकवा. पाय जमिनीवर. पायावर पाय नको. पाच मिनिटं गप्प बसा. मी मोजत असताना एक अक्षर बोलायचं नाही.” हे नियम खरेच आवश्यक आहेत, मित्रांनो. माणूस बोलू लागला की रक्तदाब थोडा चढतो आणि खोटा आकडा हाती येतो. सिस्टर फुगा दाबून पट्टा फुगवत, पारा नळीत सरसर वर जाई, मग हवा हळूहळू सोडत त्या स्टेथोस्कोपने ठोके ऐकत. डॉक्टर म्हणत, “शंका असेल तर सिस्टरांच्या यंत्रावर पुन्हा घ्या.” वॉर्डातला हा माझा सर्वांत मोठा सन्मान होता.

अशी कितीतरी वर्षे गेली. मग पारा विषारी असतो, सांडला तर माणसांना आणि पाण्याला घातक ठरतो, म्हणून आमच्या जातीची यंत्रे हळूहळू बाद होऊ लागली. बॅटरीवर चालणारी, टुकटुक वाजणारी नवी यंत्रे आली आणि मला औषधांच्या रिकाम्या खोक्यांमागे जागा मिळाली. सिस्टर निवृत्त झाल्या तेव्हा त्यांनी मला मागून घेतले. मोठे डॉक्टर म्हणाले, “न्या, पण सांडू देऊ नका हं.” सिस्टर म्हणाल्या, “माझ्या हातून? इतक्या वर्षांत कधी सांडलाय?” पेटी बंद करण्याआधी मला तिरपे करून पारा खालच्या कुपीत उतरू द्यायचा आणि मग खटका लावायचा. सिस्टर हे झोपेतसुद्धा विसरल्या नसत्या.

त्या राहत होत्या त्या वसाहतीत तळमजल्यावर एक वाचनालय होते. दर शनिवारी सकाळी सिस्टर तिथल्या खिडकीजवळच्या टेबलावर मला मांडत आणि येईल त्याचे बीपी मोफत मोजत. पलीकडच्या टेबलावर दोन म्हातारे बुद्धिबळ खेळत. एकाची लोकरी टोपी कोणत्याच ऋतूत उतरत नसे, ते टोपीकाका. दुसरे प्रत्येक चालीवर हुज्जत घालत, म्हणून सगळे त्यांना वकीलकाका म्हणत. नोकरी त्यांनी बसच्या कंडक्टरची केली होती.

“माझं एकशेतीस आलं. तुझं?” टोपीकाका विचारत.

“एकशेअठ्ठावीस.”

“दोन मार्कांनी पुढे गेलो की रे मी!”

“काका, जास्त आलं म्हणजे नापास असतं हो,” सिस्टर हसून म्हणत.

मोजून झाले, की त्या पट्टा सोडत आणि खणखणीत आवाजात सांगत, “नॉर्मल आहे, पुढचे या!” ते शब्द ऐकायला लोक यायचे. चेहरा सैल पडायचा, पाऊल हलके व्हायचे. मलाही ते शब्द फार आवडत. त्या वेळी मला वाटे, की माझ्या आकड्यानंतर माणसाबद्दल जाणून घ्यायचे काही उरत नाही.

वसाहतीच्या दुकानांच्या रांगेत एक चष्मेवाला होता. चाळिशीचा, सडपातळ, सगळ्यांशी थट्टेने बोलणारा. दुकानात आलेल्याला तो आधी विचारी, “दिसत नाही, की बघायचंच नाही?” एकदा टोपीकाकांनी चष्मा हरवल्याची तक्रार केली, तेव्हा त्याने तो त्यांच्याच टोपीवरून काढून दिला आणि म्हणाला, “शोधायचे पैसे नाहीत, काका. फक्त कौतुक करा.”

हा चष्मेवाला एका शनिवारी माझ्यासमोर येऊन बसला. छातीत धडधडते, झोप येत नाही, असे त्याने सांगितले. सिस्टरांनी पट्टा बांधला. आकडा अगदी पुस्तकात छापल्यासारखा आला.

“सिस्टर, तसं नाही, मला काय होतंय की…”

“बोलू नका. अजून एकदा घेतेय.”

दुसरा आकडाही तसाच आला. “बघा! काही झालेलं नाही तुम्हाला. नॉर्मल आहे. पुढचे या!”

तो उठला. त्यानंतर तो दर शनिवारी येऊ लागला. दर वेळी तो काहीतरी बोलायला तोंड उघडी आणि दर वेळी सिस्टर बोट ओठांवर ठेवत. त्यांचे चुकत नव्हते, नियम बरोबरच होता. पण मोजणे संपले की लगेच रांगेतला पुढचा माणूस खुर्चीकडे सरके आणि चष्मेवाल्याचे वाक्य तसेच अर्धे राही. त्याचा दंड किती बारीक होत चालला आहे, ते मला पट्ट्यातून कळत होते. पट्टा पूर्वीपेक्षा जास्त गुंडाळावा लागत होता. तशी मोजपट्टी मात्र माझ्याजवळ नव्हती.

मग तो शनिवार आला. चष्मेवाला एक पिशवी घेऊन वाचनालयात शिरला आणि त्याने वकीलकाकांचा चष्मा त्यांच्यापुढे ठेवला.

“अरे, हा तर तू पुढच्या आठवड्यात देणार होतास!”

“झाला तयार.” त्याने कोपऱ्यातल्या वाचकालाही एक डबी दिली. ग्रंथपालबाईंना त्याने आपला स्क्रू पिळायच्या पेचकसांचा छोटा संच देऊन टाकला. “ठेवा. तुमच्या चष्म्याची दांडी सारखी ढिली होते ना? माझ्याकडे आता कुणाचंच काम बाकी नाही.”

“याला म्हणतात व्यवहार!” वकीलकाका खूश होऊन म्हणाले. “नाहीतर आमचा शिंपी. कापड देऊन माणूस म्हातारा होतो.”

सगळे हसले. चष्मेवालाही हसला. मग खुर्चीत बसला, पाठ टेकवली, पाय जमिनीवर ठेवले. गप्प बसायची वेळ संपली, पारा चढला, उतरला. नेहमीचाच सुंदर आकडा.

“नॉर्मल आहे, पुढचे या!”

तो उठला नाही.

“झालं हो. काढा पट्टा.”

“राहू दे ना जरा,” तो म्हणाला.

रांगेतल्या एक बाई हातातली पिशवी या हातातून त्या हातात घेत म्हणाल्या, “अहो, आम्हीपण केव्हापासून थांबलोय. घरी दूध उघडं टाकून आलेय मी.”

सिस्टरांनी त्याच्याकडे पाहिले. मग टेबलावरच्या चष्म्याच्या डबीकडे. मग ग्रंथपालबाईंच्या हातातल्या पेचकसांकडे. त्यांनी कानांतून स्टेथोस्कोप काढला आणि टेबलावर ठेवला. रांग असताना त्यांनी असे केलेले मी कधीच पाहिले नव्हते.

“ताई, आज तुम्ही घरी जा. आज मोजणं बंद,” त्या बाईंना म्हणाल्या. मग खुर्ची चष्मेवाल्याजवळ ओढून बसल्या. “झोप लागते?”

“नाही.”

“जेवण?”

“बायको ताट वाढते. मग बसतो ताटावर.”

“एक विचारते, सरळच विचारते. जगू नये असं वाटतं का? जीव द्यायचा विचार येतो मनात?”

“सिस्टर!” वकीलकाकांच्या हातातले प्यादे तसेच राहिले. “काय हे भलतंसलतं! नसलेलं घालाल त्याच्या डोक्यात.”

“विचारल्यानं कुणाच्या डोक्यात शिरत नाही, काका. असलं तर बाहेर येतं. तुम्ही थांबा जरा.”

सिस्टर उत्तराची वाट पाहत गप्प बसल्या, पण हे गप्प बसणे निराळे होते. चष्मेवाल्याने मोकळ्या हाताने माझा फुगा उचलला आणि नुसता चाळा म्हणून दाबला. पट्ट्यात हवा भरली, पारा वर चढून थांबला, आणि प्रत्येक ठोक्यासरशी किंचित उड्या मारू लागला.

“हे माझं आहे?” त्याने विचारले.

“तुमचंच.”

पाऱ्याकडे पाहत तो म्हणाला, “येतो विचार. महिना-दीड महिना झाला. कालपासून तर दुसरं काही सुचतच नाही. म्हटलं, लोकांचे चष्मे तरी देऊन टाकू. मी नसलो तर सगळ्यांनाच सुटल्यासारखं होईल.”

“मला नाही होणार,” टोपीकाका एकदम म्हणाले. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

सिस्टरांनी हवा सोडली, पण पट्टा तसाच राहू दिला. “बरं झालं सांगितलंत. मी इथून हलणार नाही आणि तुम्हीही हलायचं नाही. टोपीकाका, तुमचा फोन काढा. आपल्याला आत्ता माणूस शोधायचाय. वकीलकाका, यांच्या घरी जा. वहिनींना घेऊन या, पण धावतपळत जाऊन घाबरवू नका.”

मित्रांनो, मदत शोधणे किती अवघड असते, ते मी त्या दिवशी पाहिले. वाचनालयाच्या जुन्या वर्तमानपत्रात अशा मदतीचा एक क्रमांक छापलेला होता. तो सेवेत नाही, असे एका यंत्राने सांगितले. मोठ्या हॉस्पिटलात फोनवरच टोपीकाकांना एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीकडे जोडत राहिले आणि शेवटी कुणी तरी म्हणाले, मनाच्या आजारांचे डॉक्टर सोमवारी बसतात.

“सोमवारी?” टोपीकाका ओरडले. “अहो, माणूस आज बसलाय समोर! त्याला काय फडताळात ठेवू सोमवारपर्यंत?”

चष्मेवाल्याला हसू आले. अगदी क्षणभर, पण आले.

सिस्टरांनी आपल्या हॉस्पिटलातल्या एका मैत्रिणीकडून संकटकाळी बोलण्याच्या फोनसेवेचा क्रमांक मिळवला. तो आधी व्यस्त लागला. सिस्टर पुन्हा पुन्हा लावत राहिल्या. मग एका बाईंचा शांत आवाज आला. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, “आत्ता त्यांच्याजवळ कुणी आहे का?” सिस्टर म्हणाल्या, “आहे. आम्ही सगळे आहोत.” मग फोन चष्मेवाल्याच्या कानाशी गेला. तो खूप वेळ नुसता “हं” म्हणत होता. नंतर तो बोलू लागला. त्याची सगळी अर्धी राहिलेली वाक्ये त्या दिवशी पुरी झाली असावीत.

त्याच बाईंनी सांगितले, की या वसाहतीच्या भागातच समुपदेशनाचे एक केंद्र आहे, जुन्या दवाखान्याच्या इमारतीत, पहिल्या मजल्यावर. शनिवारी दुपारपर्यंत उघडे असते. आधी वेळ घ्यावी लागत नाही.

तोवर वकीलकाका वहिनींना घेऊन आले होते. वकीलकाकांनी पत्ता ऐकला आणि डोक्याला हात लावला. “अहो, तिथल्या जिन्याला तर मी रोज सायकल लावतो! मला वाटायचं वर शिवणाचा क्लास आहे. पाटी होती खरी काहीतरी. सायकलमागे.”

वहिनी नवऱ्याचा हात धरून उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “मी महिनाभर शोधतेय, सिस्टर. कुणाला विचारायचं तेच कळेना. विचारलं तर लोक काय म्हणतील याची भीती. आणि हे दोन गल्ल्या सोडून होतं?”

“माझंही तेच झालं, वहिनी,” सिस्टर म्हणाल्या. “माझ्या समोर बसत होते दर शनिवारी. मी आकडा विचारला, माणसाला विचारलंच नाही.”

त्यांनी पट्टा सोडला. मग त्या, वहिनी आणि चष्मेवाला निघाले. वकीलकाका पुढे धावले, जिन्याजवळची सायकल हलवायला.

त्या गडबडीत माझा खटका लावायचा राहिला. सिस्टरांच्या हातून आयुष्यात पहिल्यांदाच. टोपीकाकांनी आवराआवर म्हणून माझे झाकण लावले, पेटी आडवी केली आणि पटाशेजारी ठेवली. थोड्याच वेळात फटीतून पारा निघाला आणि बुद्धिबळाच्या पटावर मण्यांसारखा घरंगळला.

“अरे, माझा वजीर बुडाला!” टोपीकाका म्हणाले. पण हात लावायचा नाही, हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी सगळ्यांना बाहेर काढले, खिडक्या उघडल्या आणि दार ओढून घेऊन स्वतः बाहेर पहाऱ्याला बसले. पारा दिसायला चांदीसारखा असतो, मित्रांनो, तुम्हाला खेळावेसे वाटेल. पण त्याला कधीही स्पर्श करू नका. दुपारी सिस्टर परतल्या. त्यांनी हातमोजे घातले, जाड पुठ्ठ्याने ते मणी एकत्र लोटले, ड्रॉपरने पाणी घातलेल्या बाटलीत घेतले, बूच घट्ट लावले आणि बाटली हॉस्पिटलात नेऊन दिली.

माझे मोजणे त्या दिवशी संपले. टोपीकाका फार ओशाळले. सिस्टर म्हणाल्या, “जाऊ दे, काका. आज जे सांडू द्यायचं नव्हतं, ते नाही सांडलं.” मलाही वाईट वाटले नाही. खरेच सांगते.

केंद्रात काय झाले, ते मी पुढच्या शनिवारच्या गप्पांतून ऐकले. वर काही मोठे दवाखान्यासारखे नव्हते. समोरासमोर दोन खुर्च्या, एक पाण्याचा तांब्या आणि कॅनव्हासचे बूट घातलेल्या समुपदेशक बाई. त्यांनी चष्मेवाल्याबरोबर बसून ठरवले, की विचार अंगावर आले तर आधी कुणाला फोन करायचा, मग कुणाला, आणि रात्री सोबतीला कोण असेल. घरातल्या कोणत्या वस्तू त्याच्यापासून दूर ठेवायच्या, ते वहिनींना सांगितले. डॉक्टरांशी त्याच दिवशी गाठ घालून दिली.

तो चार दिवसांत बरा झाला असे मी म्हणणार नाही. गोळ्यांनी तोंड कोरडे पडते म्हणून मध्येच त्याने त्या बंद केल्या, वहिनी रागावल्या, डॉक्टरांनी गोळी बदलून दिली. काही दिवस त्याला दुकानाचे शटर वर करवत नसे. तेव्हा टोपीकाका जाऊन त्याच्याबरोबर आत बसत. बोलायचे नाही, नुसते बसायचे, असे त्यांना बजावलेले होते. टोपीकाकांना गप्प बसणे म्हणजे शिक्षाच. ते म्हणत, “पाच मिनिटांनी माझंच बीपी वाढतं.” पण बसत.

वाचनालयात बॅटरीचे नवे यंत्र आले. सिस्टर आजही आधी सगळ्यांना गप्प बसवतात. पण मोजून झाल्यावर पट्टा सोडत म्हणतात, “हं, आता बोला.” आणि पुढच्या माणसाला थांबायला लावतात. वकीलकाकांनी केंद्राच्या पाटीकडे जरा बारकाईने पाहिले. ‘समुदाय समुपदेशन व संकट-साहाय्य कक्ष’ असे लिहिलेले होते. “हे वाचून कोण वर येणार? मला वाटेल पूर आलाय!” असे म्हणून ते वर गेले, बाईंशी यथेच्छ हुज्जत घातली आणि त्यांच्या परवानगीने पाटीखाली स्वतःच्या हाताने लिहिले : ‘मन फार थकले असेल तर वर या. कुणाला काही समजावून सांगावे लागत नाही.’

मला भंगारात द्यायचे ठरले होते. चष्मेवाल्याने मला मागून घेतले. आता मी त्याच्या दुकानात फ्रेमच्या कपाटावर असते. तो रोज माझी नळी पुसतो.

परवा शाळेची गाडी चालवणाऱ्या एक बाई दुकानात आल्या. चष्म्याची काच हलते म्हणाल्या. चष्मेवाल्याने चष्मा हातात घेतला, काच दाबून पाहिली, स्क्रू तपासला. काच पक्की होती. त्या दुसऱ्यांदा हीच तक्रार घेऊन आल्या होत्या. ‘काही झालेलं नाही’ असे म्हणून चष्मा परत देणे अगदी सोपे होते.

“काच ठीक आहे,” तो म्हणाला. “बसा ना. तुम्ही कशा आहात?”

त्या बसल्या. चष्मेवाल्याने हातातले काम बाजूला ठेवले. दुसरे एक गिऱ्हाईक दारात आले, त्याला त्याने नुसत्या हातानेच थांबायला सांगितले.

“माझ्या भावाचं जरा…” बाई म्हणाल्या आणि थांबल्या. तो वाट पाहत राहिला. हळूहळू त्यांनी सगळे सांगितले. भाऊ खोलीबाहेर येत नव्हता. आज सकाळी त्याने दार उघडून त्यांची माफी मागितली होती, कशाची ते सांगितले नव्हते.

“आत्ता त्याच्याजवळ कुणी आहे?”

“आई आहे.”

“आईला फोन करून सांगा, त्याला एकटं सोडू नका. जागा मला माहीत आहे. मी तिथं जातो अजून, दर पंधरवड्याला.” त्याने खुंटीवरचा शर्ट अंगात घातला. “चला, आधी तुमच्या भावाकडे. मग त्याला घेऊन तिकडे. मी येतो तुमच्याबरोबर.”

दुपार झाली तरी दुकान बंदच होते. मी वाट पाहत होते. संध्याकाळी त्याने शटर वर केले, दिवा लावला आणि वहिनींना फोन करून एवढेच म्हणाला, “आला तो. वर आला. बसलाय बाईंसमोर.”

मित्रांनो, तुमचा एखादा सोबती, शिक्षक, मोठा भाऊ, आई किंवा तुम्ही स्वतः कधी असे थकाल, तेव्हा सगळे आकडे ठीक असूनही काहीच ठीक नसेल. ते लपवू नका. विश्वासाच्या मोठ्या माणसाला लगेच सांगा. कुणाला “कसा आहेस?” असे विचाराल, तेव्हा उत्तर येईपर्यंत थांबा. आणि तुमच्या भागात असा जिना कुठे आहे, ते आजच घरी विचारून ठेवा, कारण गरज पडते त्या दिवशी शोधायला फार वेळ जातो. तो सापडला की कुणाला नुसता पत्ता सांगू नका. बरोबर चला.